१२० मिलीची गिअर ऑइलची बाटली: माप चोख, तेल ठीक, तोटी बिनकामाची

जालना असो, लातूर असो की नांदेड, स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरच्या काचेमागं स्कूटरच्या गिअर ऑइलच्या छोट्या बाटल्या मांडलेल्या दिसतात. माप १२० मिली, बहुतेकींवर ८०डब्ल्यू-९० हा तेलाच्या जाडीचा ग्रेड लिहिलेला, किंमत शंभराच्या आतबाहेर. सोबत दुकानदाराचा सल्ला फुकट मिळतो: "नव्वद नंबरच (म्हणजे हेच ८०डब्ल्यू-९०) टाका भाऊ, गाडी मऊ चालती." ही बाटली घेण्यासारखी आहे का, आणि घेतलीच तर घरी अंगणात तेल बदलताना ती कितपत कामाची ठरते, एवढंच इथं बघू. एका कंपनीची बाटली दुसरीपेक्षा सरस ठरवण्यात अर्थ नाही, तेलाचा वर्ग सारखा असेल तर फरक लेबलाचाच उरतो.

घ्यायच्या आधी सीटखालची पुस्तिका काढा. होंडाच्या अ‍ॅक्टिव्हा ११० मध्ये मागच्या चाकाजवळच्या छोट्या गिअरपेटीला कंपनीनं १०डब्ल्यू-३० सांगितलंय, म्हणजे इंजिनात जातं तेच तेल. तेल काढून पुन्हा भरताना १२० मिली आणि पेटी पूर्ण खोलून जोडली असेल तर १४० मिली. म्हणजे मराठवाड्यातल्या गल्लीबोळांत ज्या स्कूटरची सगळ्यात जास्त गर्दी, तिला काउंटरवरचं हे नव्वद नंबर मुळात सांगितलेलंच नाही. तिच्या मालकाकडं तेल बहुधा घरातच पडलेलं असतं. ८०० मिलीचा इंजिन ऑइलचा डबा आणला की ज्या मॉडेलला ६५० मिली लागतं तिथं १५० मिली उरतं, गिअरपेटी त्यातच भागते. ज्या जुन्या मॉडेलला ७०० लागतं तिथं १०० उरतं आणि २० मिलीची वाट बघावी लागते. अशा वेळी त्याच ग्रेडचं तेल शेजाऱ्याच्या डब्यातून घेतलं तरी चालतं, पण "थोडं कमी असलं तर काय होतंय" म्हणून १०० वर थांबू नका. एवढ्याशा पेटीत २० मिली म्हणजे सहावा हिस्सा. ज्या गाडीच्या पुस्तिकेत ८०डब्ल्यू-९० लिहिलंय तिला मात्र ही बाटली सरळ घ्यावी.

आता "नव्वद म्हणजे तीसच्या तिप्पट जाड" हा समज. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल यांच्या जाडी मोजायच्या एसएई पट्ट्या वेगवेगळ्या आहेत, एकावरचा आकडा दुसरीवर लावायचा नसतो. १०० अंश सेल्सिअसला इंजिनाच्या पट्टीवरचं ३० हे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (हे तेलाच्या जाडीचं एकक) दरम्यान येतं आणि गिअरच्या पट्टीवरचं ९० हे १३.५ ते १८.५ च्या दरम्यान. म्हणजे गिअरचं नव्वद हे इंजिनाच्या चाळीस-पन्नास नंबरच्या शेजारी बसतं. जाड आहे, पण आकडा सांगतो तितकं नाही. आणि डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. तो उणे २५-२६ अंशांच्या आसपासची चाचणी सांगतो. परभणीत डिसेंबरच्या पहाटे कितीही हुडहुडी भरली तरी त्या आकड्याची गाठ पडायची नाही. आपल्याला बघायचा तो मागचा आकडा.

मग मिस्त्री लोक नव्वदचा आग्रह का धरतात? जाड तेलानं आवाज दबतो म्हणून. झिजलेल्या बेअरिंगची घूं घूं नव्वद टाकल्यावर महिना-दोन महिने कमी ऐकू येते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. बेअरिंग मात्र आत होतं तसंच झिजत राहतं. ज्या गाडीला १०डब्ल्यू-३० सांगितलंय तिच्यात नव्वद टाकल्यानं उद्या काही फुटणार नाही, पण मिळत काहीच नाही आणि खराबी कळायला उशीर होतो, हा तोटा खरा.

आग्रहाचं दुसरं कारण जुनं आहे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि आपल्याकडच्या मिस्त्र्यांची एक अख्खी पिढी चेतक खोलून-जोडून तयार झाली. चेतकमध्ये गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडलेले असायचे, तेल चुकलं की क्लच चिकटायचा नाहीतर घसरायचा. आजच्या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये पट्टा, व्हेरिएटर (वेगानुसार पट्ट्याचा गिअर आपोआप बदलणारी पुली) आणि क्लच हे तिन्ही कोरडे असतात. तेल असतं ते फक्त मागच्या चाकाजवळच्या छोट्या पेटीत, जिथं दोन टप्प्यांत वेग कमी होऊन चाकाला ताकद मिळते. त्यामुळं निघताना गाडी झटके देतेय, पिकअप बसलाय, चढावर नुसता आवाज करते, या तक्रारी गिअर ऑइलनं जाणार नाहीत. त्या पट्टा, रोलर किंवा क्लचच्या आहेत. बाटलीकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

बाटलीवर गिअर ऑइलचा वर्ग, जीएल-४ की जीएल-५, तोही लिहिलेला असतो. जीएल-५ मध्ये दाब सोसणारं रसायन जास्त असतं, ते ट्रक-जीपच्या मागच्या डिफरन्शिअलसाठी. स्कूटरच्या पेटीतले साधे दाते जीएल-४ वर निवांत चालतात. पुस्तिकेत जीएल-५ नसेल तर त्याचे जादा पैसे देऊ नका. ट्रॅक्टरच्या दुकानात बॅरलमधून सुटं मिळणारं नव्वद नंबर स्वस्त पडतं हे खरं, पण ज्या मापानं ते काढतात ते माप कधी धुतलेलं असतं? उन्हाळ्यात बॅरलचं तोंड उघडं, बाहेर धुळीचे लोट, आणि आपल्याला लागतं फक्त १२० मिली. एवढ्याशा तेलात चिमूटभर माती गेली तरी ती गाळायला आत फिल्टर नाही. सुटं तेल स्कूटरला नकोच. बाटली घेतानाही झाकणाखालची पन्नी शाबूत आहे का आणि बॅचची तारीख छापलेली आहे का, ते दुकानातच बघून घ्या.

या बाटलीची खरी किंमत तिच्या मापात आहे. घरी तेल बदलताना सगळ्यात जास्त चुका तेलाच्या प्रतीत होत नाहीत, प्रमाणात होतात, आणि १२० मिलीची बाटली ती चूक बऱ्यापैकी टाळते. मात्र जिला १२० लागतं तिलाच. काही स्कूटरना ९०-१०० मिलीच लागतं, तिथं बाटली डोळे झाकून उपडी केली तर तेल जास्त होतं. दुसरी गोष्ट, बाटलीच्या आतल्या बाजूला तेलाचा थर चिकटून राहतो. पाच-सात मिली तिथंच अडकतं, ती दहा मिनिटं उलटी टांगल्याशिवाय उतरत नाही. म्हणून छापील मापावर शंभर टक्के विसंबू नका, खरं माप गाडीवरच आहे. ते पुढं येईलच.

तोटीनं मात्र निराशा केली. तेल भरायचं भोक पेटीच्या मागच्या बाजूला, जवळजवळ आडवं असतं आणि वरून मडगार्ड येतं. बाटली उभी करून उलटी धरायला तिथं जागाच नाही. आडवी धरून दाबली तर निम्मं तेल जातं, पण दाब सोडला की बाटली हवा आत ओढते आणि तोटीतलं तेलही परत येतं. चार-पाच वेळा हे झालं की चार मिली तेल चाकाच्या रिमवर आणि हातावर. यावर साधा तोडगा म्हणजे मेडिकलमधून ६० मिलीची सिरिंज आणि सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा. बाटलीतलं तेल आधी स्वच्छ ग्लासात ओतायचं, सिरिंजनं ओढायचं, नळी भोकात सरकवून हळूहळू सोडायचं. दोन सिरिंज म्हणजे बरोबर १२०. सिरिंजचं रबर तेलानं फुगतं, एक-दोन वेळा वापरून टाकून द्यावी लागते, तरी थोड्या पैशांत काम स्वच्छ होतं. डिसेंबर-जानेवारीत नव्वद नंबर मधासारखं ओढ धरतं, तेव्हा बाटली पाच मिनिटं गरम पाण्याच्या तांब्यात ठेवली की नळीतून सरळ उतरतं.

आता काम. रिंग पाना किंवा गोटी पाना घ्या, उघडा फिक्स पाना नको, तो बोल्टाचे कोपरे खातो. अ‍ॅक्टिव्हासारख्या गाड्यांना बहुधा १२ नंबर बसतो, तरी आधी लावून हलत नाही ना ते बघा. ड्रेन बोल्टासाठी नवा वायसर, एक बसकं भांडं, फडकी, जुना टूथब्रश, थोडं रॉकेल. गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणा म्हणजे तेल पातळ होईल आणि तळाशी बसलेला कणही त्याच्यासोबत निघेल. मग सपाट जागी डबल स्टँडवर लावा. अंगणात उतार असेल तर रस्त्यावर या, कारण पातळी मोजायचं भोक सपाटीवरच खरं सांगतं. साइड स्टँडवर हे काम करूच नका.

आपल्या भागातली काळी माती ओली असताना जिथं चिकटते तिथंच वाळते, आणि ड्रेन बोल्ट तिच्या थराखाली गाडलेला असतो. ब्रश आणि रॉकेलनं दोन्ही बोल्टांभोवतीची जागा उघडी होईपर्यंत घासा. भरायचं भोक उघडल्यावर कडेची ढेकळं आत पडली तर तेल बदलून उपयोग काय?

पहिल्यांदा वरचा, भरायचा बोल्ट ढिला करा. खालचा आधी उघडायचा नाही. वरचा जर गंजून बसला असेल किंवा त्याचे कोपरे गेले असतील तर ते तेल आत असतानाच कळलं पाहिजे, नाहीतर रिकामी पेटी घेऊन गाडी ढकलत मिस्त्रीकडं न्यावी लागते. वरचा सुटला की मग खालचा.

खालचा बोल्ट नेमका कोणता, इथं मोठा घोळ होतो. इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट पुढं, इंजिनाच्या पोटाखाली असतो आणि बहुधा मोठा, होंडाला १७ चा पाना लागतो. गिअरपेटीचा लहान असतो आणि पार मागं, चाकाच्या धुरीखाली. काही लोक इंजिन ऑइल बदलायला बसतात आणि गिअरपेटीचा बोल्ट उघडतात. शंभर-सव्वाशे मिली तेल निघतं. इंजिनात तेल कमीच होतं वाटतं, असं समजून वर ७०० मिली नवं ओततात. आता इंजिनात दुप्पट तेल, ते ब्रीदरच्या (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरमध्ये येतं आणि सायलेन्सर धूर ओकतो. गिअरपेटी कोरडी, ती पन्नास-साठ किलोमीटरमध्ये कण्हायला लागते. ओतायच्या आधी डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची दांडी) बघितली असती तर दोन्ही वाचलं असतं.

ड्रेन बोल्ट काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं तेल निथळू द्या, मागचं चाक हातानं हळू फिरवा. निघालेलं तेल मोजा. ८० मिलीच निघालं तर उरलेलं कुठं गेलं ते शोधल्याशिवाय नवं भरू नका. तेलाचा रंग वाचता आला पाहिजे. राखाडी, उन्हात धरलं की चमचमणारं, पण बोटांत चोळल्यावर खर न लागणारं तेल हे नेहमीच्या झिजेचं. नव्या गाडीच्या पहिल्या तेलात ही चमक जास्तच असते, दाते एकमेकांत बसत असतात. बोटाला टोचणारे बारीक तुकडे आले की जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवा. चिकटले तर दात्याचं किंवा बेअरिंगचं पोलाद, नाही चिकटले तर बोल्टाच्या आट्यांचं अ‍ॅल्युमिनियम. पहिलं म्हणजे पेटी खोलणं आलंच. दुधाच्या कॉफीसारखं तेल निघालं तर आत पाणी गेलंय.

पाणी जातं कसं, हे पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालणाऱ्यांनी नीट वाचा. पेटीच्या वरच्या बाजूला हवा जा-ये करायला ब्रीदरची वाट असते. दहा किलोमीटर चालून तापलेली पेटी थंड पाण्यात शिरली की आतली हवा आकसते आणि त्या वाटेनं, किंवा झिजलेल्या सीलच्या ओठाजवळून, पाणी ओढून घेते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बीड-धाराशिवकडं जो पूर आला, तशा पाण्यात धुरीपर्यंत बुडालेल्या स्कूटरला एकदा तेल बदलून भागत नाही. स्वस्तातलं योग्य ग्रेडचं तेल भरायचं, दहा-पंधरा किलोमीटर चालवायची, काढायचं, पुन्हा दुधाळ आलं तर परत तेच. स्वच्छ निघाल्यावर मग चांगलं तेल. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा मागच्या पेटीवर रोखून मारू देऊ नका, तोही पाणी आत घालतो.

ड्रेन बोल्ट नव्या वायसरसह आधी हातानं चार-पाच आटे फिरवा. हातानं फिरत नसेल तर तो तिरपा बसतोय, काढा आणि पुन्हा लावा. आटे पडायचे ते याच क्षणी पडतात, कारण बोल्ट पोलादाचा आणि पेटी अ‍ॅल्युमिनियमची. एवढ्या लहान बोल्टाला साधारण १३ न्यूटन-मीटर कस पुरतो, पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा. टॉर्कचा पाना नसेल तर अंदाज असा: १५ सेंटिमीटर पान्याच्या टोकाला नऊ किलोचा ओढ. वायसर दबल्याचं हाताला जाणवतं, तिथं थांबायचं. पान्यात पाइप घालून कसला की आटे गेलेच समजा, मग लेथवाल्याकडं जाऊन हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची नवी आटी) बसवणं आलं. थेंब गळतोय म्हणून आणखी कसू नका, वायसर बदला.

आता भरा. पूर्ण माप गेल्यावर भोकात वाकून बघा: तेल भोकाच्या खालच्या कडेला नुसतं टेकलेलं पाहिजे. कड ओलांडून बाहेर येत असेल तर वाहू द्या, आपोआप थांबेल. कडेला पोहोचत नसेल तर दोन-चार मिली आणखी. बाटलीवरचं १२० आणि ही कड यांत फरक पडला तर कड खरी. काही गाड्यांच्या झाकणालाच मापाची दांडी असते, तिथं दांडीवरच्या खुणा बघायच्या.

"थोडं जास्तच असू द्या" ही सवय इथं थेट ब्रेकवर येते. अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरमध्ये मागच्या ड्रम ब्रेकचे शूज या पेटीच्याच अंगाला बसवलेले असतात, मध्ये फक्त चाकाच्या धुरीचं ऑइल सील. मे महिन्यात ४२-४३ अंशांच्या उन्हात, मागं दोघं बसवून गाडी पळाली की तेल फुगतं, दाते ते घुसळून फेस करतात आणि वाट मिळेल तिथून ते बाहेर ढकललं जातं. सीलमधून निसटलेलं तेल शूजवर पडतं. मग ब्रेक लागतच नाही, नाहीतर एकदम धरतो. तेलानं माखलेले शूज रॉकेलनं धुऊन परत वापरायचे नाहीत, बदलायचे, आणि सीलही सोबत. दुसऱ्या बाजूच्या सीलमधून गळालं तर तेल पट्ट्याच्या खोलीत जातं आणि पट्टा घसरतो.

किती दिवसांनी बदलायचं हे पुस्तिका सांगेल. तिथला आकडा लांबचा असला तरी आपली धूळ, ऊन आणि मागं बांधलेली खताची गोणी धरता दहा-बारा हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते, असं माझं मत आहे. पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या आत केलं तर पाणी गेलं असेल तेही कळतं. फुकट सर्व्हिसिंग शिल्लक असलेल्या नव्या गाडीचं घरी करू नका, सेंटरवर करून घ्या आणि बिलावर गिअर ऑइल लिहिलंय का ते बघा. तो बोल्ट तिथंही बऱ्याचदा हाताळलाच जात नाही: भोवतीची माती शाबूत असेल तर समजून घ्या.

बाटलीला पाचपैकी तीन. ज्या गाडीला ८०डब्ल्यू-९० सांगितलंय तिच्यासाठी चार, कारण माप आणि पॅकिंग खरोखर सोयीचं आहे. अ‍ॅक्टिव्हावाल्यांसाठी दोन, तेही रिकामी झाल्यावर पुढच्या वेळी उरलेलं इंजिन ऑइल मोजायला कामाला येते म्हणून.

जुनं तेल दुसऱ्या एखाद्या रिकाम्या बाटलीत भरून गॅरेजवर द्या, तिथून जळकं ऑइल गोळा करणारे नेतात. नालीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतायचं नाही. रात्री गाडीखाली जुना पेपर अंथरून ठेवा. सकाळी डाग ड्रेन बोल्टाच्या बरोबर खाली असेल तर वायसर, चाकाच्या मधोमध खाली असेल तर सील. दुसरा असेल तर त्या दिवशी गाडी काढू नका.